शाळा चालू असताना मुलाला सरप्राइज ट्रिप: सांगून न्यावं की न सांगता?

पिल्लूची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मुलगा चौथीत आहे, पुण्यात राहतो आम्ही, शाळा स्टेट बोर्डाची सेमी-इंग्लिश. गेलं वर्षभर त्याच्या डोक्यात वाघ सोडून दुसरं काही नाही. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे, हे वॉचमनकाकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवून झालंय आणि आता तो पाहुण्यांना अडवून ऐकवतो. तर त्याला ताडोबाला न्यायचं असं आमचं ठरतंय. मे महिन्यात जायचं म्हटलं तर चंद्रपूरला 45 च्या वर पारा, सोबत सासू-सासरे येणार, त्यांना झेपणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत रिसॉर्टचे रेट ऐकूनच परत फिरलो, आणि पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग बंदच असतो. म्हणजे उरले ते शाळेचे दिवस. येत्या 26 जानेवारीला सोमवार आहे, म्हणून गुरुवार-शुक्रवार शाळा बुडवून लाँग वीकेंडला जाऊन यायचं असा विचार आहे.

आता खरा प्रश्न. नवऱ्याला हे सगळं सरप्राइज ठेवायचंय, म्हणजे पार शेवटपर्यंत. त्याचा प्लॅन असा की पिल्लूला नेहमीसारखं युनिफॉर्म घालून तयार करायचं, आज व्हॅनकाका येणार नाहीत बाबा सोडतो म्हणायचं आणि गाडी शाळेकडे न वळवता सरळ पुणे स्टेशन. दप्तरात वह्यांच्या जागी दुर्बीण. त्याचा चेहरा बघायचाय म्हणतो, व्हिडिओ काढायचाय. मला ऐकायला छान वाटतं पण पोटात थोडा गोळाही येतो, कारण आमचं पोरगं शाळेच्या बाबतीत जरा जास्तच सिरियस आहे, गेल्या वर्षी शंभर टक्के उपस्थितीचं प्रमाणपत्र मिळालं ते लॅमिनेट करून भिंतीवर लावून घेतलंय त्याने.

दुसरं, शाळेत काय सांगायचं? सासूबाई म्हणतात ताप आला म्हणून लिहून दे, सगळे तेच करतात. कुणी असं केलंय का, काय अनुभव?

कट्ट्यावरचा_बाळ्या

बिनधास्त न्या हो. चौथीत दोन दिवस बुडाले तर काय आयएएस हुकणारे का. आमच्या वेळी भात लावणीला आठवडा आठवडा शाळेत जात नव्हतो, गुरुजीच शेतावर विचारायला यायचे आणि आले की चहा पिऊन जायचे.

सरप्राइजला +1. व्हिडिओ इथे टाका.

फळा_आणि_खडू

मी प्राथमिकला शिकवते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ताप लिहू नका. प्लीज.

कारण सांगते. आमच्याकडे एका मुलीचा असाच अर्ज आला होता, ताप व अंगदुखी, पालकांची सही. आठवड्याने ती आली ती दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी आणि पहिल्याच तासाला मावशीच्या लग्नात वरातीत कोण कोण नाचलं ते शेजारणीला सांगत होती, अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी काहीच बोलले नाही, हजेरी घेत राहिले. पण पुढच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "टीचर, हिला तर ताप होता ना?" ती पोरगी जी गप्प झाली ती मधल्या सुट्टीपर्यंत. आई-वडिलांनी सहज लिहिलेली एक ओळ, निस्तरायला लागली तिला. तुमचा मुलगा तर ताडोबाहून आल्यावर शिपाईमामांनासुद्धा वाघ सांगणार, तुम्हीच म्हणताय, मग लपणार कसं?

अर्जात सरळ "कुटुंबासह प्रवास" लिहा आणि शक्य असेल तर वर्गशिक्षिकेला दोन मिनिटं प्रत्यक्ष भेटा. आम्हाला राग सुट्टीचा येत नाही, न सांगता गायब होण्याचा येतो, कारण मग व्हॅनवाल्याला फोन, पालकांना फोन, नॉट रीचेबल आणि आमचा जीव टांगणीला. भेटाल तेव्हा फक्त एवढं विचारून घ्या की त्या आठवड्यात घटक चाचणी आहे का, बऱ्याच शाळांत दुसऱ्या सत्राची चाचणी जानेवारीतच असते. चाचणी नसेल तर चौथीला तीन-चार दिवसांनी आकाश कोसळत नाही, आकारिक नोंदी वर्षभर चालूच असतात आणि संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा थेट एप्रिलमध्ये. एकच सांगेन, गणितात अपूर्णांक चालू असतील तर ते घरी नीट करून घ्या. भाषेचा धडा मागून वाचता येतो, अपूर्णांकाची सुरुवात हुकली की पाचवीत रडारड.

आणि हो, 26 जानेवारी म्हणताय. त्या दिवशी शाळेत त्याचं काही नाही ना? लेझीम, संचलन, कवायत, समूहगीत? विचारा आधी. डिसेंबर-जानेवारी म्हणजे आमच्याकडे गॅदरिंग, क्रीडा दिन आणि 26 जानेवारी, पोरं वर्गात कमी आणि ग्राउंडवर जास्त. या दिवसांत मुलं शाळा बुडवायला सर्वात कमी तयार असतात, आणि पालकांना नेमकं उलटं वाटतं की अभ्यास नाहीये तर चला.

स्पष्टवक्ता_सदाशिवपेठी

युनिफॉर्म घालून फसवायचं आणि मग व्हिडिओ काढायचा. हे सरप्राइज मुलासाठी आहे की बाबांच्या स्टेटससाठी? विचारून ठेवलं. उत्तर मला नको, घरात द्या.

बाय द वे, नागपूरला वंदे भारतने जाणार असाल तर ती पुण्याहून सकाळी साडेसहाच्या आसपास सुटते. म्हणजे पोराला पहाटे पाचला युनिफॉर्म चढवणार. वाघाचे पट्टे ओळखणारं पोरगं ते, एवढं ओळखणार नाही?

पिल्लूची_आई

@स्पष्टवक्ता हाहा, हे वाचून दाखवलं नवऱ्याला, तो म्हणे शाळा सकाळचीच आहे, चालून जाईल. मी म्हटलं सकाळची म्हणजे सातची, पाचची नाही. सध्या घरात शांतता आहे.

@फळा_आणि_खडू तुमचे खूप आभार, तापाचा विषय बंद. सासूबाईंनाही वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या "हं, ते मेंदीचं खरंय."

आणि 26 चं तुम्ही बरोबर पकडलंत. काल सहज विचारलं की 26 ला शाळेत काय आहे रे, तर तो लेझीमच्या पथकात आहे, नुसता पथकात नाही तर पुढच्या ओळीत उजवीकडून दुसरा. उंचीनुसार उभं करतात त्यामुळे मध्येच कुणी गेलं तर सगळी ओळ बिघडते हे त्याने मला हॉलमध्ये चप्पल मांडून समजावलं. म्हणजे लाँग वीकेंड गेला.

ऑरेंजसिटीवाला

ताई, लाँग वीकेंड गेला ते लई बेस झालं पाहा. मी नागपूरचा, ताडोब्याला दरवर्षी जातो. वाघ पाहाले यायचं तर लोकं नेमके सुट्टीच्याच दिवशी काहून येतात मले समजत नाही. पुण्या-मुंबईचे, हैदराबादचे, सगळे त्याच तीन दिवसांत. शनिवार-रविवारी सफारीचे दर जास्त, रिसॉर्टचे जास्त, आणि एक वाघ दिसला का त्याच्या मागं पुढं सफारीच्या उघड्या गाड्या, जिप्सीच जिप्सी. तुम्ही तशीही शाळा बुडवूनच येऊन राहिले ना? मग आठवड्याच्या मधातच या. बुध-गुरु-शुक्र. मंगळवार टाळा, मंगळवारी कोअर बंद राहते.

आता काही कामाच्या गोष्टी, लहान पोरगं आणि म्हातारे माणसं हायेत म्हणून सांगतो:

वंदे भारत अजनीले, म्हणजे नागपुरातल्याच स्टेशनाले, संध्याकाळी पोचते, बारा तासांचा प्रवास. तिथून लगेच गेटाकडं निघू नका, रात्रीच्या अंधारात जंगलाचा रस्ता आणि सगळे दमलेले. नागपुरातच मुक्काम करा, सकाळी तर्री पोहे खा आणि मग निघा. मोहर्ली गेट घेतलं तर चंद्रपूरच्या रस्त्यानं जावं लागते, वाटेत वरोरा लागते, आनंदवन तिथंच आहे. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये कुष्ठरोग्यांसाठी सुरू केलं ते. पोराले दाखवा, दोन तास पुरतात. कोलारा गेट घेतलं तर उमरेडकडून चिमूरच्या बाजूनं जावं लागते, मग आनंदवन वाटेत येत नाही.

थंडीचं बोलतो. तुम्ही पुणेकर म्हणता आमच्याकडंही थंडी असते. असते, पण उघड्या जिप्सीत पहाटे बसून पाहा एकदा. कानटोपी, हातमोजे, वरून चादर किंवा शाल, सासऱ्यांसाठी तर दोन. नऊ-साडेनऊले ऊन आलं का सगळं काढून मांडीवर घेऊन बसावं लागते. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, तुम्ही पाच, म्हणजे आरामात.

आणि साहेबांना सांगा, कोअरमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत. 2018 पासून बंद आहे. गेटावर जमा करावा लागते. कॅमेरा चालते. त्यामुळं व्हिडिओ काय तो स्टेशनावरच काढून घ्या.

शेवटची, सगळ्यात महत्त्वाची. पोराले "वाघ दाखवतो" म्हणून आणू नका. "जंगल दाखवतो" म्हणून आणा. जानेवारीत पाणी सगळीकडं असते, गवत उंच असते, उन्हाळ्यासारखे वाघ पाणवठ्यावर बसून राहत नाहीत. दिसला तर नशीब. पण रानकुत्रे, गवे, अस्वल, ताडोबा तलावातल्या मगरी, मोर, हे पाहूनही पोरगं खूश होते, जर त्याले आधीपासून वाघाचंच वेड लावून ठेवलं नसन तर. तुमच्या पोराले वेड आधीच लागलेलं आहे, म्हणून जास्त सांगून राहिलो.

कट्ट्यावरचा_बाळ्या

तर्री पोह्यांसाठी मीच शाळा बुडवतो आता.

थेम्सकाठी

तुम्ही लोक किती सुखी आहात याची कल्पना नाहीये तुम्हाला. आम्ही इंग्लंडमध्ये आहोत, इथे शाळेच्या दिवसांत फिरायला नेलं तर दंड बसतो, खराखुरा, घरी पत्र येतं. ऑगस्ट 2024 पासून सगळीकडे एकच दर केलाय, प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड, 21 दिवसांत भरले तर, नाहीतर 160. म्हणजे दोन मुलं आणि आई-बाप दोघं असतील तर 320 पासून सुरुवात. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर थेट 160, तिसऱ्यांदा झालं तर मग दंड नाही, कोर्टाची पायरी. दहा शाळा-आठवड्यांत दहा सेशन म्हणजे पाच दिवस विनापरवानगी बुडले की शाळेने दंडाचा विचार करायचाच असा नियम आहे. परवानगी मागावी तर हेडटीचर "अपवादात्मक परिस्थिती" असेल तरच देतात आणि चुलतभावाचं लग्न अपवादात्मक आहे हे त्यांना समजावता समजावता आपणच थकतो, कारण त्यांच्या मते दरवर्षी एक चुलतभाऊ.

आयल ऑफ वाइटच्या एका वडिलांनी मुलीला शाळेच्या दिवसांत फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्डला नेलं होतं, 120 पौंडांचा दंड भरायला नकार दिला आणि भांडत भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. 2017 मध्ये हरले. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की मुलगी एरवी नियमित येते हे पुरेसं नाही, शाळेच्या नियमांप्रमाणे यायला हवं.

तरी लोक जातात. आमच्या ओळखीतले बरेच भारतात जाताना हिशोबच तसा करतात, ख्रिसमसच्या सुट्टीतलं विमानाचं तिकीट आणि आधीच्या आठवड्यातलं तिकीट यातला फरक दंडापेक्षा जास्त असतो, मग दंड धरूनच बजेट. मला स्वतःला ते पटत नाही, पण आईला नातवंडं दिवाळीला हवी असतात आणि दिवाळीला इथे शाळेला सुट्टी नसते, आता बोला. स्कॉटलंडमध्ये हा दंडाचा प्रकार नाही म्हणतात आमचे मित्र, ऐकून जळतो आम्ही.

सरप्राइजबद्दल: इथे शक्यच नाही, परवानगीचा फॉर्म आधी भरावा लागतो आणि शाळेच्या ऑफिसमधली बाई मुलालाच विचारते, ओह, इंडियाला जाणार का तू?

दोन_वेण्या

थोडं वेगळं लिहिते. माझी मुलगी ऑटिझम स्पेक्ट्रमवर आहे. आमच्याकडे दिवस कसा जाणार याचा चित्रांचा तक्ता असतो, उठणे, दात, पोहे, शाळा, थेरपी, पार्क. सरप्राइज म्हणजे आमच्याकडे आनंद नाही, भीती. एकदा तिच्या मामाने प्रेमाने, अगदी प्रेमानेच हं, शाळेतून परस्पर उचलून पाणीपुरी खायला नेलं आणि ती गाडीत बसून घरी येईपर्यंत कान झाकून ओरडत होती. पाणीपुरी तिची सगळ्यात आवडती. पण त्या दिवशीच्या तक्त्यात पाणीपुरी नव्हती.

तुमच्या मुलाला तसं काही नाही, हे मला कळतंय आणि मी तुलना करत नाहीये. पण हे सगळं करताना एक लक्षात आलं की साध्या मुलांचाही एक तक्ता असतोच, भिंतीवर नसतो एवढंच. उद्या ग्राउंड आहे, परवा चित्रकला आहे, शुक्रवारी अमक्याचा वाढदिवस आहे त्याला मी काय देणार. आपण मोठी माणसं स्वतःच्या मीटिंगा हलवताना चार जणांना मेल करतो आणि पोराचा आख्खा आठवडा न विचारता उचलून टाकतो. त्याने चप्पल मांडून ओळ समजावली म्हणताय ना, म्हणजे त्याचं कॅलेंडर तुमच्यापेक्षा पक्कं आहे.

मी असते तर तारखा सांगितल्या असत्या आणि ठिकाण लपवलं असतं. "अमक्या तारखेपासून आपण चार दिवस बाहेर जातोय, कुठे ते सांगणार नाही." मग तो स्वतःच शाळेतलं काय ते बघेल, टीचरला सांगेल, मित्राला सांगेल, आणि रोज अंदाज लावत बसेल. आमच्या घरी तर मी दिवस मोजायला देते, रोज एक खडा बरणीत, तिला तेच सगळ्यात आवडतं, कधीकधी ट्रिपपेक्षा जास्त.

स्पष्टवक्ता_सदाशिवपेठी

दोन_वेण्या, क्या बात. सहमत. माझा वरचा प्रतिसाद जरा तिखट होता पण म्हणायचं हेच होतं.

सांगलीची_सून

मी मात्र पूर्ण सरप्राइजच्या बाजूने, एकटी पडले तरी चालेल.

आमचे वडील एसटीत होते, सुट्ट्या कधी मिळायच्या याचा नेम नाही. एका रात्री ड्यूटीवरून आले, आम्ही भावंडं गाढ झोपेत, आणि दिवा लावून म्हणाले उठा रे, गणपतीपुळ्याला जायचंय. शाळा? असू दे शाळा. आईने भाकऱ्या बांधल्या, मी एका पायात मोजा आणि एका पायात नाही अशी बसले गाडीत. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो असा. आधी सांगितलं असतं तर मला वाटत नाही ते इतकं लख्ख लक्षात राहिलं असतं, आधी महिनाभर चर्चा करून केलेल्या सहली मला एकही धड आठवत नाही, फक्त भांडणं आठवतात. प्रत्येक गोष्ट मुलांना विचारून, त्यांच्या कॅलेंडरमध्ये बसवून करायची म्हणजे मग बालपणात अचानक काही घडायचंच नाही का?

फळा_आणि_खडू

@सांगलीची_सून छान लिहिलंय, मोजा डोळ्यासमोर आला. पण फरक बघा, तुमच्या वडिलांनाच आदल्या दिवशी माहीत नव्हतं. ते लपवत नव्हते काही. इथे दोन-अडीच महिने घरातल्या चार मोठ्या माणसांनी एका लहान माणसापासून लपवायचंय, आणि त्यातले दोन आजी-आजोबा. जमेल का?

पिल्लूची_आई

नाही जमणार. कालचंच सांगते. सासूबाईंना कुणीतरी सांगितलं की ही गाडी शेगावला थांबते. झालं. आता त्यांना येताना शेगावला उतरून गजानन महाराजांचं दर्शन घेऊन मग पुढे यायचंय, आणि हे त्या फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या, पिल्लू बाजूला बसून चित्र रंगवत होता. मी डोळे मोठे केले तर म्हणाल्या, "मी कुठे वाघ म्हटलं? मी शेगाव म्हटलं." रात्री तो मला विचारतो, आई, शेगावला आजी एकटी जाणार का?

तर मंडळी, आमचं असं ठरलंय. @दोन_वेण्या यांचं नवऱ्याला दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला ठीक आहे पण ठिकाण तरी माझं. म्हणजे तारखा सांगायच्या, कुठे ते नाही. बुधवारी 28 ला निघायचं, रविवारच्या आत परत, 26 ची लेझीम करून मगच. रथसप्तमीही तोवर होऊन जाते त्यामुळे हळदीकुंकवाची वाणं लुटून सासूबाई मोकळ्या. शाळेत जाऊन आले, चाचणी त्या आठवड्यात नाही, वर्गशिक्षिका म्हणाल्या आल्यावर परिसर अभ्यासाच्या तासाला बोलू दे त्याला पाच मिनिटं. मी म्हटलं पाच मिनिटांत आवरणार नाही तो, तर म्हणाल्या बघते मी.

पिल्लूला काल सांगितलं की तीन-चार दिवस बाहेर जायचंय. पहिला प्रश्न: कोणते दिवस? मग वहीत बघून आला आणि म्हणाला गुरुवारी पीटी आहे ती बुडेल, बाकी चालेल. शंभर टक्क्यांचं प्रमाणपत्र यंदा मिळणार नाही हे मीच सांगितलं, लपवण्यात अर्थ नव्हता. तोंड पडलं त्याचं. थोड्या वेळाने विचारतो, बाहेर म्हणजे महाराष्ट्रात की महाराष्ट्राबाहेर, तेवढं सांग, मग ठरवतो वाईट वाटून घ्यायचं की नाही.

सांगलीची सून, तुमचं मनात राहिलंय हं. कधीतरी असं एकदम उठवून नेणार त्याला, शनिवारी रात्री, शाळा नसताना.

आता दोन प्रॅक्टिकल शंका. तिकिटं कधी काढावी लागतील? आणि सफारीला मुलाचं ओळखपत्र लागतं का?

कट्ट्यावरचा_बाळ्या

तिकिटं 60 दिवस आधी उघडतात आता, पूर्वी 120 होते, नोव्हेंबर 2024 पासून कमी केलेत. म्हणजे 28 जानेवारीचं नोव्हेंबरच्या शेवटी उघडेल. सकाळी आठला बसा लॅपटॉप घेऊन. आणि ती वंदे भारत पुण्याहून मंगळवारी नसते, तुम्ही बुधवारी निघताय म्हणजे प्रश्न नाही. परतीला शेगावला उतरणार असाल तर शेगाव ते पुणे वेगळं तिकीट काढा, एकाच तिकिटावर उतरून परत चढता येणार नाही.

ऑरेंजसिटीवाला

हाव, ओळखपत्र सगळ्यांचं लागते. बुकिंग करतानाच नाव आणि ओळखपत्राचा नंबर टाकावा लागते आणि गेटावर तेच ओळखपत्र दाखवावं लागते. पोराचं आधार असन तर तेच टाका आणि तेच सोबत घ्या, बुकिंगले एक आणि गेटावर दुसरं असं करू नका, मग तिथं थंडीत उभं राहून वाद घालत बसावं लागते. आणि ओळखपत्र मागताना त्याच्यासमोर मागू नका, हुशार आहे पोरगं, विचारन कशाले पाहिजे.

कपड्यांचंही पाहा. जंगलात लाल-पिवळे भडक कपडे नको, खाकी, हिरवे, मातकट असे घ्या. पण आता नवीन खाकी टोपी आणून ठेवली का गेलं तुमचं सरप्राइज. टोपी नागपुरात घ्या, सीताबर्डीले पाहिजे तशी मिळते.

सफारीचं बुकिंग आधी करा मग रिसॉर्ट, लोकं उलटं करतात आणि मग दुसऱ्याच गेटाची सफारी मिळते, पहाटे दीड-दोन तास गाडी चालवत बसा. मी तर म्हणतो गुरुवारची दुपारची आणि शुक्रवारची सकाळची, दोन्ही मोहर्लीच्याच घ्या. पहिल्या सफारीत पोराले नुसतं बसायची सवय होते, दुसरीत तो पाहाले लागते.

पिल्लूची_आई

@ऑरेंजसिटीवाला दादा, टोपीचं बरं सांगितलंत, नवऱ्याने कालच दोन ऑनलाइन मागवल्यात, रद्द करायला सांगते. मोहर्लीच्या गुरुवार दुपार आणि शुक्रवार सकाळ दोन्ही बघते आजच.

थेम्सकाठी

वाघ दिसला की नाही ते इथे येऊन सांगा, नाही दिसला तरी सांगा. आणि ती लेझीमची ओळ कशी झाली तेही.